सहा वाजेपर्यंत रात्र

(थायलंड. मेकाँग नदीकाठचं नोंगखाय. लाकडी घराची माडी, भर दुपार. खाम्पन, वय एकोणसत्तर, पूर्वी नावेवर इंजिन सांभाळायचा. एका बंद कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसलाय. समोर खांद्यावरची पिशवी न उतरवता उभी आहे ख्वान, त्याचं एकुलतं एक मूल. कपाटाच्या आत पंखा घुमतोय.)

ख्वान: तसलं म्हणजे कसलं, बाबा?

खाम्पन: तसलं म्हणजे तसलंच. फोनवर सांगितलं की.

ख्वान: फोनवर तुम्ही म्हणालात, गांजाची तीन रोपं लावलीयत, त्यातलं एक तसलं झालंय, येऊन बघ. चार वर्षांनी फोन केलात आणि एवढं बोलून ठेवून दिलात. खोन केनपासून इथपर्यंत बसमध्ये मी तेच घोकत आले. तसलं म्हणजे कीड लागलेलं? बुरशी आलेलं?

खाम्पन: कीडबीड काही नाही. बस ना. उभा का आहेस?

ख्वान: आधी सांगा.

खाम्पन: आता तुला काय सांगायचं. रोपात नर असतो, मादी असते. फुलं कामाची ती मादीची. नराचा पराग उडाला की मादीच्या फुलात बिया धरतात आणि सगळी मेहनत मातीत.

ख्वान: रोपघरात नोकरी करते मी, रोज हीच निवड करते. पुढे बोला.

खाम्पन: तर हे मादी म्हणून वाढलं. चांगलं छातीएवढं झालं, फुलं धरली. आणि आता फुलांच्या बेचक्यात नराचंही दिसायला लागलंय. दोन्ही एकाच अंगावर. ज्याच्याकडून बियाणं घेतलं त्या दुकानवाल्याला मी फोटो पाठवला. तो म्हणाला, हे... त्यांच्यात एक शब्द आहे त्याला.

ख्वान: त्यांच्यातच नाही, सगळ्यांच्यात आहे. म्हणा की.

खाम्पन: कशाला म्हणायचं.

ख्वान: कथोई.

खाम्पन: पाणी पिणार? गार आहे.

ख्वान: कथोई म्हणतात त्याला, धड नर नाही, धड मादी नाही. आमच्याकडे दिवसातून दहादा म्हणतात, माझ्या तोंडावर म्हणतात, मीही म्हणते. तिसऱ्या रांगेत एक कथोई निघालं, काढून टाका. आणि शाळेच्या फाटकापासून या जिन्यापर्यंत मुलगा असून मुलीसारखा चालतो म्हणून पोरं हाच शब्द ओरडत माझ्या मागे यायची. घरात शिरले की तुम्ही. तेव्हा तुमची जीभ कधी अडखळली नाही.

खाम्पन: आता अडखळते. काय करू?

ख्वान: काही नका करू. कपाट उघडा, बघते.

खाम्पन: आत्ता नाही उघडता यायचं.

ख्वान: का?

खाम्पन: रात्र आहे.

ख्वान: दुपारचे दोन वाजलेत.

खाम्पन: आपले वाजलेत. त्यांची रात्र आहे. दिवसा इथं पत्रा तापतो, त्यात दिवा लावला तर कपाटाची भट्टी होते. म्हणून मी सगळं उलटं केलंय. संध्याकाळी सहाला घड्याळाचा खटका पडतो, दिवा लागतो. पहाटे सहाला विझतो. मधे उजेड जाऊ द्यायचा नाही. सहापर्यंत थांबावं लागेल.

ख्वान: माझी बस साडेपाचला आहे.

खाम्पन: हो का?

ख्वान: हो का काय? फोनवर तुम्हीच विचारलंत, शेवटची बस कितीला. मी म्हटलं साडेपाच. तुम्ही म्हणालात, मग दुपारीच ये.

खाम्पन: विचारलं असेल. लक्षात कुठं राहतं आता.

ख्वान: सहाला दिवा, साडेपाचला बस. बरं जमवलंत.

खाम्पन: मी काय जमवणार? रोपांचं वेळापत्रक आहे ते.

ख्वान: जरा सरका. बाहेरूनच बघते. ही दाराची फट कशाने बुजवलीय?

खाम्पन: नावेच्या फळ्यांना लावतात ते रबर. आतून काळी पट्टी. डोळा लावून बघ, सुईएवढा उजेड जाणार नाही.

ख्वान: चांगलंय. दिवा कुठला?

खाम्पन: पांढरा, सपाट, एलईडीचा. शंभर वॉट.

ख्वान: रोपाच्या शेंड्यापासून किती वर?

खाम्पन: आधी वीतभर होता.

ख्वान: मग टोकं करपली असतील.

खाम्पन: करपली. मग दोन वीत वर घेतला. कप्पी बसवलीय. दोरी ओढली की वर, सोडली की खाली. रोप वाढेल तसा दिवा वर.

ख्वान: हे आमच्या साहेबांनाही सुचलं नाही. ते अजून साखळीच्या कड्या मोजतात. हवा?

खाम्पन: एक छोटा पंखा आत, पानं हलती ठेवायला. तो कधी बंद नाही. दुसरा वर, तो आतली हवा कोळशाच्या नळीतून ओढून खिडकीबाहेर टाकतो. नळीत वास अडतो म्हणतात. सगळा नाही अडत. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या, तुम्ही उदबत्ती बदललीत का.

ख्वान: माती?

खाम्पन: निम्मा नारळाचा भुसा, भाताच्या तुसाचा कोळसा, मूठभर वटवाघळाची लेंडी. कुंड्या कापडी. पाणी रांजणातलं, पावसाचं.

ख्वान: किती?

खाम्पन: रोज एक तांब्या. न चुकता.

ख्वान: खालची पानं पिवळी पडली असतील.

खाम्पन: पडतायत. तुला कसं कळलं?

ख्वान: सगळे नवशिके हेच करतात, लाड करून मारतात. रोज नाही घालायचं. कुंडी उचलून बघायची. जड असली तर हात लावायचा नाही, हलकी लागली तरच पाणी. मुळांनाही श्वास लागतो, बाबा. आणि अ‍ॅपवर सरकारी नोंद केलीय ना? नाहीतर कोणी तक्रार केली की धावपळ.

खाम्पन: केलीय. आरोग्यकेंद्रातल्या वैद्यबाईंची चिठ्ठीपण आहे. झोपेसाठी.

ख्वान: झोप लागत नाही?

खाम्पन: लागते. मग तुटते. मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघायचं.

ख्वान: कधीपासून?

खाम्पन: झाली चार वर्षं.

ख्वान: हे आईचं कपाट आहे.

खाम्पन: रिकामंच होतं. ती जाऊन शंभर दिवस झाल्यावर तिचे कपडे विहारात दिले. रिकामं कपाट घरात बरं नाही दिसत.

ख्वान: बसा ना जरा. मघापासून चौथ्यांदा खिडकीशी जाऊन आलात.

खाम्पन: लामाई ताई येणार आहे जेवण घेऊन. तिची तीनचाकी दिसते का बघतोय.

लामाई: तीनचाकी कधीच खाली लागलीय. तुझे कान गेलेत. आली का गं ख्वान? जिना चढताना माझे गुडघे कसे बोलतायत बघ, आधी हा डबा धर. कोंबडीचं आंबट सूप आहे, करंडीत चिकट भात आहे. किती वाळलीस गं. तिकडे खायला घालत नाहीत का तुला?

ख्वान: घालतात हो आत्या. तुमच्या हातचं नसतं, एवढंच.

लामाई: माझा भाऊ काही बोलला का तुझ्याशी? की नुसता स्टुलावर बसून कुरकुरतोय?

खाम्पन: बोलतोय की. ते रोपांचं...

लामाई: रोपांचं. इतक्या वर्षांनी पोर घरी आलंय आणि हा रोपांचं बोलतोय. महिनाभर माझं डोकं खाल्लंस. फोन करू का, काय म्हणू, आपण ठेवलेलं केंग म्हणू की तिचं तिने घेतलेलं ख्वान म्हणू. शेवटी काय म्हणालास?

ख्वान: "हॅलो, मी बोलतोय" म्हणाले.

लामाई: धन्य. अगं, खा आधी. कसं झालंय?

ख्वान: छान. पण याला एक वेगळाच स्वाद आहे. आत्या, यात पान कुठलं टाकलंत?

लामाई: कळलं ना? या कपाटातलं आहे. माझी सासू कोंबडीत गांजाचं कोवळं पान टाकायची, तेव्हा परसातच असायचं. मग बंदी आली आणि सगळ्या सुपांची चव गेली. आता मोकळीक आहे तर म्हटलं होऊ दे. ताजं आहे हो, सकाळी अकराला खुडलंय.

ख्वान: अकराला? कपाट उघडून?

लामाई: नाही, बाहेरून फुंकर मारली आणि ती आपणहून पातेल्यात आली. उघडूनच ना गं.

ख्वान: किती दिवसांपासून?

लामाई: फुलं यायला लागल्यापासून. रोज नाही, एक दिवसाआड. हा तेव्हा नदीवर गेलेला असतो मित्रांशी गप्पा छाटायला.

खाम्पन: ताई.

लामाई: काय ताई? दोन पानांनी तुझं झाड ओस पडलं?

ख्वान: आणि किती वेळ उघडं ठेवता?

लामाई: दोन पानं खुडायला वेळ तो किती? पण आत काळोख, मला दिसत नाही धड. मग मोबाईलची बत्ती लावते. मग जरा उभी राहते. बुनमीचं कपाट ना ते. मी इकडची तिकडची बातमी सांगते तिला. माझ्या नोपच्या बायकोला दिवस गेलेत, तेही तिलाच पहिल्यांदा सांगितलं.

ख्वान: आत्या, फुलावर आलेल्या या रोपाला बारा तास सलग काळोख लागतो. मध्येच उजेड पडला की ते बिचकतं. त्याला कळेनासं होतं रात्र आहे की दिवस. मग भीतीपोटी ते आपल्याच अंगावर नराची फुलं काढतं.

लामाई: म्हणजे माझ्या सुपाने झालं हे?

ख्वान: सुपाने नाही, बत्तीने.

खाम्पन: मी दुकानवाल्याशी भांडलो, ताई. बियाणं खराब दिलंस म्हटलं. त्याचं सगळं खानदान काढलं. आणि तू घरात बसून हे उद्योग करत होतीस? पाटी लावलीय दारावर, सहापर्यंत उघडू नये.

लामाई: मला वाटलं ती चोरांसाठी आहे. आणि माझ्यावर काय डोळे वटारतोस? तू नाही उघडत? गेल्या बुधवारी मी जिन्यात होते तेव्हा कोण कपाटात डोकं घालून बसलं होतं? भर दुपारी?

ख्वान: बाबा?

खाम्पन: एखाद्या वेळी उघडतो.

लामाई: एखाद्या वेळी.

खाम्पन: बरं, उघडतो. दिवसातून दोनदा, तीनदा. बियाण्याबरोबरचं पत्रक वाचलंय, पाटी मीच लिहिलीय, तरी उघडतो. नुसतं बघायला, आहेत ना जागेवर. घरात दुसरं काही वाढत नाही. मी आणि भिंतीवरची पाल.

ख्वान: म्हणजे दोघांनी मिळून केलंत.

लामाई: याला सवयच आहे बाई कोणी काय केलं ते शोधायची. तुझ्या वेळी हेच. बुनमीने पोटुशी असताना काय खाल्लं, कुठल्या झाडाखाली बसली. मग म्हणे मीच तुला माझ्या मुलींबरोबर वेण्या घालायला बसवलं, म्हणून झालं. सहा महिने माझ्याशी बोलला नाही. सख्ख्या बहिणीशी.

ख्वान: मला हे कधी कोणी सांगितलं नाही.

खाम्पन: सूप गार होतंय.

लामाई: होऊ दे गार. सांगते मी. एका तांत्रिकाकडेही जाऊन आला होता, नदीपलीकडे, लाओसात. तो म्हणाला यात कोणाचा दोष नाही. तर हा त्यालाच म्हणाला, तुला काही येत नाही. बरं, मी जाते. तीनचाकीत पेट्रोल टाकून पाचला येते, तुला बसतळावर सोडते. खाम्पन, तोंड उघड तोवर. नाहीतर तुझ्या कपाटाशी बोलते तशी तुझ्याशीही मलाच बोलावं लागेल.

ख्वान: गेल्या. तीन वाजून गेले, बाबा. ती माझी पिशवी द्या.

खाम्पन: निघालीस... निघायचं लगेच? सहाला दिवा लागेल की. सकाळी पण व्हॅन असते, साडेसहाची.

ख्वान: पिशवी द्या तर. ही बघा.

खाम्पन: काय आहे?

ख्वान: हिरवी बत्ती. कपाळाला बांधायची. हिरवा उजेड या रोपांना जवळजवळ दिसतच नाही, त्यांची रात्र मोडत नाही. आम्ही रात्रीच्या खोलीत हिच्यावरच काम करतो. खिडकी लावून घ्या, पडदा ओढा.

खाम्पन: ही पिशवीतच होती?

ख्वान: पहिल्यापासून.

खाम्पन: मग मघाशी का नाही काढली?

ख्वान: तुम्ही मला सहापर्यंत थांबवायला बघत होता. मी बघत होते, तुम्ही ते तोंडाने म्हणताय का. ओढा पडदा. आता आतला पंखा बंद करा, पराग सुटला असेल तर उडायला नको. आणि वाटीत पाणी आणा. भिजला की पराग मरतो.

खाम्पन: हे घे. उघडू?

ख्वान: उघडा. हळू. बाबा, रोपं छान वाढवलीयत तुम्ही. खरंच. हे डावीकडचं तर आमच्याकडच्यापेक्षा भरलंय.

खाम्पन: मधलं बघ. ते मधलं.

ख्वान: बघतेय. हे माझं भिंग धरा इथं. हात कापतोय तुमचा.

खाम्पन: कापतो हल्ली. इंजिनाच्या धक्क्याने आयुष्यभर हलला, आता इंजिन नाही तर आपला आपण हलतो.

ख्वान: हे दिसतंय? फुलातून पिवळं केळ्याच्या घडासारखं डोकावतंय. इवलंसं. हे एक, हे दोन. इथं खाली तर गाठीच धरल्यात. बाकीची दोन्ही स्वच्छ आहेत. अजून फुटलं नाहीये काही, वेळेवर बघितलंत.

खाम्पन: मग चिमट्याने काढता येईल ना? दुकानवाल्याच्या मुलाचं म्हणणं होतं, काही लोक चिमट्याने काढतात.

ख्वान: एखाददुसरं असतं तर काढलं असतं. ही वरपासून खालपर्यंत आहेत. आज वीस काढाल, परवा तीस येतील. अजून पाच आठवडे आहेत. एक जरी नजरेतून सुटलं तरी तिन्ही झाडं बियांनी भरतील. उपटा.

खाम्पन: काय?

ख्वान: मधलं उपटून टाका. आजच. दुकानवाला बरोबर बोलला. आमच्याकडे असतं तर मी दोन मिनिटंही थांबले नसते.

खाम्पन: नाही.

ख्वान: नाही म्हणजे?

खाम्पन: उपटायचं नाही. दुकानवाल्याकडून आठवडाभर हेच ऐकलं. तू तरी दुसरं काही सांगशील म्हणून बोलावलं.

ख्वान: बाबा, बाकीची दोन जातील.

खाम्पन: जाऊ देत.

ख्वान: आणि झोपेचं औषध?

खाम्पन: नाही तरी कुठं झोपतोय? त्याला उजेड आम्ही दाखवला. बिचकवलं आम्ही. आणि आता ते असं झालं म्हणून उपटून कचऱ्यात टाकायचं? मी एकदा उपटून टाकलंय या घरातून. पुन्हा हात होत नाही माझा.

ख्वान: मी झाड नाहीये.

खाम्पन: मी कुठं म्हटलं...

ख्वान: तुम्ही तेच म्हणताय. मला कोणी बत्ती दाखवली नव्हती, बाबा. मी बिचकून अशी झाले नाही. वेण्या घालून झाले नाही, आईने काही खाल्लं म्हणून झाले नाही. मी अशीच होते. तुम्ही हे झाड कपाटात पाच आठवडे जपून ठेवाल, त्याला तांब्यातांब्याने पाणी घालाल, आणि मला त्यातलं काय मिळणार? झाड वाचवलंत म्हणून माझं काही फिटत नाही.

खाम्पन: मग कशाने फिटतं?

ख्वान: मला माहीत नाही. कपाट लावा आधी. उजेड नाही तरी खोलीची गरमी जातेय आत.

खाम्पन: लावलं. एक विचारू?

ख्वान: विचारा.

खाम्पन: आईला अग्नी दिला तेव्हा का आला नाहीस?

ख्वान: याच्यासाठी बोलावलंत.

खाम्पन: याच्यासाठीच बोलावलं. माझ्यावर राग असेल तर असो, तो माझा मी भोगतो. पण तिने काय केलं होतं? शेवटच्या दिवशीही दाराकडे बघत होती. आईसाठी मुलाने एक दिवस केस उतरवून भिक्खूचं चीवर घालायचं, तिला अग्नी देईपर्यंत. एवढंच तर होतं. मी निरोप पाठवला होता.

ख्वान: "केस कापून ये, नाहीतर येऊ नको." पाठ आहे मला.

खाम्पन: रागात लिहिलं.

ख्वान: मी आले होते.

खाम्पन: कुठं?

ख्वान: विहारात. फाटकापर्यंत. खोन केनच्या बसतळावर केस कापून घेतले. नऊ वर्षं वाढवले होते, कमरेच्या खाली गेलेले. कापणाऱ्या बाईने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, आई. ती म्हणाली, डोळे मिटून घे, मी पटकन करते. मग तिने वस्तऱ्याने सगळं डोकं गुळगुळीत केलं. सैल पांढरा सदरा घातला होता, अंग दिसू नये म्हणून. एक वाजता फाटकाशी पोचले. आणि मंडपात बघितलं तर आत्यांचा नोप चीवर घालून बसलेला. आईच्या शवपेटीपुढे. माझ्या जागेवर.

खाम्पन: भिक्खूंनी सकाळी विचारलं, मुलगा येणार ना. मी म्हटलं नाही येणार. मला खात्रीच होती तू केस कापणार नाहीस.

ख्वान: मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिले. विहारातल्या दहनाच्या चिमणीतून धूर निघाला, तो संपेपर्यंत. मग गेले.

खाम्पन: आत का नाही आलास? कोणाला हाक मारायचीस.

ख्वान: जागा भरली होती, बाबा.

खाम्पन: टपरीवर. निळ्या छताच्या?

ख्वान: हो.

खाम्पन: मी बघितलं होतं.

ख्वान: काय बघितलं होतंत?

खाम्पन: तिथं एक मुंडण केलेलं कोणी उभं होतं. पांढऱ्या कपड्यात. मी दिवसभर फाटकाकडेच बघत होतो, पेटीकडे कमी आणि फाटकाकडे जास्त. दोनदा नजर गेली त्या माणसावर. वाटलं, दुसऱ्या गावच्या विहारातला कोणी असेल. ओळखलं नाही.

ख्वान: स्वतःच्या पोराला?

खाम्पन: मी लांब केस शोधत होतो.

ख्वान: काय म्हणालात?

खाम्पन: लिहिलं एक. पण त्या दिवशी वाट बघत होतो ती लांब केसांची. म्हटलं, येईल तर तसंच येईल, माझं ऐकून थोडंच येणार आहे? आलं तर तसंच आत घेऊन जाऊ, भिक्खू काय म्हणायचं ते म्हणोत. मनाशी ठरवलं होतं. आणि तू माझं ऐकून आलीस.

ख्वान: हे कोणाला बोलला का नाहीत?

खाम्पन: कोणाला बोलणार? जिला बोलायचं ती पेटीत होती. आणि दुसरी टपरीवर.

ख्वान: रडू नका. चष्मा काढा तो, धुकं धरलंय काचेवर.

खाम्पन: रडत नाहीये. कोंडलंय इथं. पडदा उघड जरा.

ख्वान: कपाट नीट लागलंय ना बघते. हं. उघडला.

खाम्पन: केस परत वाढले.

ख्वान: चार वर्षं झाली.

खाम्पन: ते मधलं खरंच वाचणार नाही?

ख्वान: वाचेल. बाकीची दोन घेऊन बुडेल. रोप म्हणून विचाराल तर उपटा असंच सांगेन. माझं नाव त्यात आणू नका.

खाम्पन: नाही आणत. तू उपट मग. माझे हात हलतात, पराग सांडायचा.

ख्वान: एक मोठी पिशवी आतून ओली करून द्या. तो पंखा बंदच असू दे. पडदा परत ओढा. अंगावर आधी पाणी शिंपडते, मग पिशवीत झाकून कुंडीसकट बाहेर. झालं. बघा, आवाजही झाला नाही. आता ऐका, बाकीच्या दोघांच्या मधे जागा मोकळी ठेवा, हवा खेळेल. पाणी कुंडी उचलून. दिवा अजून चार बोटं वर. रोज नाही, दर दोन दिवसांनी एकदाच बघायचं, आणि तेही सहानंतर, दिवा लागल्यावर. ही हिरवी बत्ती इथंच ठेवते. आत्यांना पानं लागली तर सहानंतर खुडा म्हणावं.

खाम्पन: ती सुपाची वेळ बदलायची नाही.

ख्वान: मग या उपटलेल्याची सगळी पानं तिला द्या. फ्रीजमध्ये महिनाभर टिकतील.

लामाई: ख्वान, ए ख्वान, उतर खाली. पाच वाजून दहा झाले. तो बसवाला काय माझा जावई आहे थांबायला?

ख्वान: आले आत्या. निघते, बाबा.

खाम्पन: हो. उशीर होईल.

ख्वान: जिन्यापर्यंत कशाला येताय? बसा.

खाम्पन: येत नाहीये. उभा राहतोय नुसता. रविवारी सुट्टी असते?

ख्वान: असते.

खाम्पन: रविवारी तिच्या नावाने विहारात भिक्खूंना जेवण आहे. जेवण झालं की तिला पुण्य पोचावं म्हणून पाणी सोडायचं असतं. दरवर्षी नोप सोडतो.

ख्वान: माहितीय.

खाम्पन: या वेळी तू सोड.

ख्वान: सगळं गाव असतं तिथं.

खाम्पन: असतं.

ख्वान: भिक्खू विचारतील, मुलगा कुठाय.

खाम्पन: विचारू देत. ते मी बघतो. तू फक्त केस कापू नकोस. अशीच ये.